बिनपगारी, फुल अधिकारी!

'बिनपगारी, फुल अधिकारी' असं आपण चेष्टेनं म्हणतो. गॅदरिंगला पुढे पुढे करणारा कुणी असला की हमखास! पण खरेखुरे बिनपगारी अधिकारीही असतात. त्यांच्या सहीवर एकरच्या एकर जमीन राहते किंवा जाते. त्यांना विश्वस्त म्हणतात. हा लेख त्यांच्याबद्दल.

तर झालं असं, दिवाळीच्या सुट्टीत मी कामथडीला गेले होते. कामथडी भोर तालुक्यात, पुणे-सातारा हायवेवर. हायवे रुंद होत गेला तशा शेतांच्या बांधांवर 'प्लॉट विकणे आहे' च्या पाट्या उगवल्या. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तिकडच्या एका लहान ट्रस्टचे विश्वस्त आहेत. ट्रस्टकडे देवाभोवतीची थोडी जमीन आणि जुनी झाडी आहे. एक पार्टी आली होती. जमीन भाड्यानं द्या, सपाट करून ट्रक पार्किंग करतो. मुदत दोन वर्षं अकरा महिने. भाडं चांगलं होतं. आबांनी करार माझ्यापुढे टाकला. "इंजिनिअर होणारेस ना? मग वाच बघू हा कागद."

मी कॉन्व्हेंटवाली. 'परिशिष्ट एक', 'बदल अर्ज' असले शब्द आले की माझी गाडी घाटात बंद पडते. तरी सुट्टीभर बसून जे कळलं ते देते आहे.

१. मालक कोण?

महाराष्ट्रात अशा संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या असतात. सातबारावर नाव ट्रस्टचं असतं. विश्वस्त मालक नसतात, राखणदार असतात. ट्रस्ट ज्या उद्देशानं नोंदला त्याच उद्देशासाठी मिळकत वापरायची, हिशोब ठेवायचे, ऑडिट करून घ्यायचं. हे सगळं करायचं आणि बहुतेक ठिकाणी मिळतं काय, तर मीटिंगचा चहा.

ही कल्पना फक्त आपलीच आहे असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली चार्ल्स इलियट नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या प्रयत्नातून एक संस्था निघाली. सुंदर जागा लोकांसाठी कायम राखून ठेवणं हे तिचं काम. तिच्या नावातच विश्वस्त आहेत : 'द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स'. इंग्लंडचा नॅशनल ट्रस्ट त्यानंतरचा, १८९५ चा. आपल्याकडे देवराया त्याहून कितीतरी जुन्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्या जगापुढे आल्या. कितीतरी देवरायांची जमीन कागदोपत्री सरकारी खात्याची असते, पण राखलेली असते गावानं. त्या राखणदारांना कुणी विश्वस्त म्हटलं नाही, इतकंच.

२. एका महिन्याची गोम

आता कराराकडे. कायद्याचं कलम ३६ सांगतं की ट्रस्टची जमीन विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. भाडेपट्ट्यालाही हवी, पण शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायची असेल तरच. लक्षात आलं? दोन वर्षं अकरा महिने! तीन वर्षांना एक महिना कमी. परवानगीची भानगडच नाही.

पण झाडं तोडून, मुरूम टाकून, रोलर फिरवल्यावर पस्तीस महिन्यांनी जमीन परत मिळाली तरी काय परत मिळणार? विक्री अडवायला कायदा आहे. जमीन नावावर राहून हातची जाते, ते अडवायला मात्र आधी विश्वस्तच लागतात. 'हा करार ट्रस्टच्या उद्देशात बसतो का?' हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणीतरी विचारावा लागतो, आणि उत्तर इतिवृत्तात लिहावं लागतं.

३. रजिस्टरमधले स्वर्गवासी

आबांच्या ट्रस्टमध्ये विश्वस्त पाच. पैकी दोघे कधीच वारले, पण नोंदीत अजून जिवंत! एक मुंबईला मुलाकडे, एक अंथरुणाला खिळलेले. उरले आबा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो (कलम २२). तो दिलाच नव्हता. कुणाची लबाडी नाही, नुसता 'बघू पुढच्या महिन्यात'.

आम्हाला सिव्हिलला शिकवतात की रिटेनिंग वॉल बहुधा दगड कमी पडल्यानं कोसळत नाही, मागचं पाणी निघायला ठेवलेली भोकं बुजली की कोसळते. संस्थेचंही तसंच. माणसं चांगली असतात, बारीक कामं तुंबतात. मग एके दिवशी पार्टी येते, सही करायला एकच म्हातारा माणूस असतो आणि समोर चांगलं भाडं असतं.

४. मेंढ्याचा धडा

एकाच माणसावर भार नको, तर मग कसं करायचं? गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) बघा. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं आपण ऐकलेली असतात, पण तिथलं यंत्र जास्त शिकण्यासारखं आहे. निर्णय ग्रामसभा घेते, तेही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. त्यात विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं. अभ्यासगट निर्णय घेत नाही आणि ग्रामसभा अभ्यासाशिवाय निर्णय घेत नाही. एकाला पटवून किंवा फोडून तिथं भागत नाही. गाव करी ते राव न करी, ते हे असं.

५. मग आपलं काय?

मी आबांना विचारलं, "मग सही करणार?" ते बराच वेळ बोलले नाहीत. म्हणाले, "मी नाही म्हणेन गं. पण माझ्यानंतर नाही म्हणायला कोण आहे?"

ट्रस्टला नवे विश्वस्त हवेत आणि त्यांनी माझं नाव काढलं. खरं सांगू? मी लगेच हो म्हटलं नाही. प्लेसमेंटनंतर मी पुण्यात असेन की बंगळुरूला, कुणास ठाऊक. नावापुरती विश्वस्त व्हायचं तर रजिस्टरमध्ये तसे दोघे आहेतच!

पण अभ्यासगटाला गावात राहावं लागत नाही. बदल अर्जाचा मसुदा मी करून दिला. मुंबईच्या काकांना फोन लावून मीटिंगची तारीख घेतली. इतिवृत्त लिहायला मी जाणार आहे. माझं मराठी अक्षर आबांना वाचता आलं म्हणजे मिळवली!

तुमच्याही गावात असा एखादा ट्रस्ट, समिती, देवस्थान असेल. सुट्टीत गेलात की तीनच प्रश्न विचारा : विश्वस्त कोण कोण आहेत? शेवटची मीटिंग कधी झाली? इतिवृत्ताची वही कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला घरात शोधाशोध सुरू झाली, तर समजा की तुमचं काम तिथंच आहे. पगार अर्थातच नाही.