पाहुण्याचा प्रवास व त्याचा हिशेब

आमच्या रामदासपेठेंत इस्पितळें पुष्कळ आहेत. त्यामुळें भंडारा, वर्धा, गोंदिया इत्यादि ठिकाणांहून आजाऱ्यास घेऊन आलेलीं माणसें येथें नित्य दिसतात. नागपूर स्टेशनाबाहेर पडतांच त्यांस पहिला प्रश्न पडतो तो हा, कीं जावें कसें व खर्च किती?

नागपुरांत मेट्रो २०१९ सालीं सुरू झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजीं रेल्वे स्टेशनावरून जाणारा मार्गहि खुला झाला. तेथून लोकमान्य नगराकडील गाडींत बसलें म्हणजे पहिलें कॉटन मार्केट, दुसरें सीताबर्डी व तिसरें झाशी राणी चौक. तेथें उतरून रामदासपेठेंत यावें. वाटेंत गाडी बदलावी लागत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. मेट्रोचें भाडें माणशीं असतें, ऑटोरिक्षाचें वाहनामागें. समजा, तिकीट १५ रुपये व ऑटो ९० रुपये. मेट्रोनें एकट्याचे ७५ रुपये वांचतात, तिघांचे ४५च. शिवाय उतरल्यावर चालणें आहे. धडधाकट माणसास तें कांहींच नाहीं. परंतु रुग्णास तें फार महाग पडतें. अशा वेळीं ४५ रुपयांचा लोभ धरूं नये.

म्हणून विद्यार्थ्यांनीं वाट विचारणाऱ्यास नुसता हात दाखवून मोकळें होऊं नये. किती जण आहेत, बरोबर कोणी आजारी आहे काय, हें आधीं विचारावें व मग मार्ग सांगावा. परगांवच्या माणसाचे चार पैसे व आजाऱ्याचे कष्ट वांचविणें, हाहि गणिताचाच उपयोग आहे.