स्पॅनिश, पण कुठली?

१. मोठे शब्द त्रास देत नाहीत. ‘लोकशाही’, ‘अर्थव्यवस्था’ इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये निमूट जातात. ऐट उतरवतं ते ‘गेट’. ‘गेट अप’चं ‘लेबान्तार्से’, बसमध्ये ‘गेट ऑन’चं ‘सुबीर’, दुःखातून ‘गेट ओव्हर’चं ‘सुपेरार’. ‘गेट’ स्वतः कुठेच उरत नाही.

२. इंग्रजी वाक्य मी आता आधी मराठीत म्हणून बघते. ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’मध्ये कर्ते आपण; मराठीत मात्र दूधच संपतं. स्पॅनिशमध्येही तसंच: ‘से नोस आकाबो ला लेचे’. पेला पडला तर ‘से मे कायो एल बासो’, म्हणजे माझ्या हातून पडला. मी पाडला असं नाही! अंग काढून घेण्याची सोय दोन्हीकडे. ‘रॅन आउट ऑफ द रूम’चं ‘सालियो कोर्रिएन्दो’ होतं: धावत बाहेर पडला. इंग्रजीचं मुख्य क्रियापद धावतं, आपलं आणि स्पॅनिशचं बाहेर पडतं. मी मात्र स्पॅनिश शिकले ती इंग्रजी पुस्तकांतून. घरची वाट सोडून वळसा घालून गेले म्हणायचं.

३. माद्रिदमध्ये बस ‘कोखेर’ करतात, म्हणजे पकडतात. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात हे क्रियापद चारचौघांत काढायचं नाही; अर्थ इथे छापण्यासारखा नाही. तिथे ‘तोमार’ म्हणावं. बस तरी एक असावी? क्युबात ती ‘ग्वाग्वा’, आणि चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ.

४. गाडी लावायची तर स्पेनमध्ये ‘आपार्कार’, मेक्सिकोत ‘एस्तासियोनार’, कोलंबियात ‘पार्केआर’. आठवणही देशागणिक बदलते: स्पेनमध्ये ‘ते एचो दे मेनोस’, अटलांटिकपलीकडे ‘ते एक्स्त्रान्यो’.

५. सगळ्यांना चालेल अशी ‘तटस्थ’ स्पॅनिश डबिंगवाल्यांनी घडवली आहे. ती कळते सगळ्यांना, पण तिच्यात कुणी भांडत नाही की लाडात येत नाही. स्पॅनिशच्या अकादम्यांनी मिळून 2005 साली शंकांचा कोश काढला. कुठलं रूप कुठे चालतं, हे तो सांगतो. पण सगळ्या प्रदेशांना एकाच रूपाची सक्ती करत नाही. मला हा शहाणपणा वाटतो.

तेव्हा ‘एवढं स्पॅनिशमध्ये करून द्या’ म्हणणाऱ्यांना विनंती: कुणासाठी, कुठल्या देशात, हे आधी सांगा. स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे.