हाइट गेज कुणाच्या हातात?

मोशीत देहू-आळंदी रस्त्यालगत आमची ऑटोमेशनची लहानशी शेड आहे. चाकणच्या कारखान्यांना लागणारी तपासणीची मशीनं आम्ही बांधून देतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मशीनचा एक कोअरचा जुना कंट्रोलर काढून मी चार कोअरचा औद्योगिक पीसी बसवला. लिनक्स, त्यावर रिअल-टाइम पॅच, इथरकॅटवर सर्व्हो आणि दर मिलिसेकंदाला कंट्रोलची एक फेरी. पन्नास नगांची ट्रायल झाली, पेढे वाटून झाले. आठ दिवसांनी सेकंड शिफ्टमधून फोन आला, "साहेब, तुमचं मशीन झोपलं. रिसेट केलं की चालतंय."

ड्राइव्हचा अलार्म यायचा शिफ्टमध्ये एकदा, कधी दोनदा, कधी अजिबात नाही. अशा वेळी आपण सगळे करतो तेच मी केलं. आधी केबलवर संशय घेतला, मग अर्थिंगवर, मग त्यांच्या लाइटवर. नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमधून सात-आठ खेपा झाल्या, एक ड्राइव्ह पदरमोड करून बदलला. अलार्म येतच राहिला.

शेवटी कर्नलचा एफट्रेस लावून ठेवला, तेव्हा खरा प्रकार दिसला. एरवी मिलिसेकंदाचा पाचवा हिस्साही न घेणारा कंट्रोलचा थ्रेड अलार्मच्या वेळी सेकंदभर अखंड धावत होता, आणि मग ५० मिलिसेकंद गप्प. दर वेळी ५०च. बिघाड असा गोल आकडा देत नाही. गोल आकडा आला की समजायचं, कुणीतरी नियम लिहून ठेवलाय. त्या वेळच्या लिनक्समध्ये तो होताच. रिअल-टाइम थ्रेडांनी दर १००० मिलिसेकंदांत फार तर ९५० घ्यायचे, उरलेले ५० साध्या कामांना सोडायचे, म्हणजे मशीन कायमचं अडकत नाही. ही वेळ आली की कर्नल 'आरटी थ्रॉटलिंग अ‍ॅक्टिव्हेटेड' अशी एक ओळ लिहायचा. मशीन सुरू केल्यापासून एकदाच, पुन्हा नाही. ती ओळ पहिल्याच आठवड्याच्या लॉगमध्ये होती. मी वाचली नव्हती.

आता माझी करामत ऐका. कंट्रोलचा थ्रेड मोजमाप लिहायचा आणि नोंदी ठेवणारा साधा थ्रेड ते उचलायचा. दोघांमध्ये एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, होता. चार कोअर आल्यावर 'वेग हवा' म्हणून तो काढून मी स्वतःचा स्पिनलॉक लिहिला. म्यूटेक्सवर थांबणारा थ्रेड झोपतो. स्पिनलॉकवर थांबणारा जागच्या जागी फिरत राहतो. वर मशीनवरच्या कॅमेऱ्याला कोअर मोकळे मिळावेत म्हणून हे दोन्ही थ्रेड मी एकाच कोअरवर बांधले. नोंदवाल्याने कुलूप घेतलं आणि नेमक्या त्याच क्षणी कंट्रोलची पाळी आली, की कंट्रोल कुलपासाठी फिरत बसायचा. कोअर त्याच्याच ताब्यात, त्यामुळे कुलूप सोडायला नोंदवाल्याला जागाच नाही. इकडे ड्राइव्हचा वॉचडॉग १०० मिलिसेकंदांचा, म्हणजे तेवढा वेळ कंट्रोलकडून निरोप आला नाही की ड्राइव्ह थांबणार. तो ट्रिप होणारच.

मग शिफ्टला एकदाच का? हिशेब सोपा आहे. कुलूप साधारण एक मायक्रोसेकंद हातात राहायचं आणि कंट्रोल दर हजार मायक्रोसेकंदांनी उठायचा, म्हणजे गाठ पडायची शक्यता हजारात एक. नोंदवाला नगामागे एकदा कुलूप घ्यायचा आणि शिफ्टमध्ये नग निघायचे हजाराच्या आसपास. पन्नास नगांच्या ट्रायलमध्ये हे सापडणार कसं?

शेडमधल्या पोरांना मी हे हाइट गेजवरून समजावतो. टूल क्रिबमध्ये गेज एकच. एक फिटर होता तेव्हा कुणी थांबत नव्हतं. चार फिटर आले तरी गेज एकच राहिला, त्यामुळे रांग लागली. त्यात गेज हेल्परच्या हातात असताना सुपरवायझरने त्याला टेम्पो खाली करायला पिटाळलं, तर अर्जंट जॉबवाला गेजसाठी ताटकळतो. म्हणजे टेम्पोने अर्जंट जॉब अडवला! याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक यामुळेच पुन्हा पुन्हा रिसेट होत होता. उपाय होता प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा. गेज हातात असेपर्यंत हेल्परला अर्जंट जॉबचाच मान द्यायचा, कुणी त्याला हलवायचं नाही. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये ही पद्धत पक्क्या गणितासह मांडली. पाथफाइंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती, फक्त बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती चालू केली गेली.

या चुकीतून शेडमध्ये ठरलेले नियम तुमच्याही कामी येतील.

कोअर मोजण्याआधी सामायिक वस्तू मोजा. खुद्द लिनक्सने १९९६ मध्ये अनेक प्रोसेसर हाताळायला सुरुवात केली ती सगळ्या कर्नलला एकच मोठं कुलूप लावून; ते पुरतं काढायला २०११ उजाडलं.

प्रत्येक कुलूप जास्तीत जास्त किती वेळ हातात राहतं ते लिहून ठेवा. सरासरी लिहू नका. कुलूप हातात असताना फाइल लिहायची नाही, मेमरी मागायची नाही.

साध्या प्रोग्राममध्ये स्पिनलॉक लिहू नका. कर्नल स्वतःचा खरा स्पिनलॉक धरतो तेव्हा धरणाऱ्याला कोअरवरून हटवू देत नाही. तुमच्या प्रोग्रामला तो अधिकार नाही. रिअल-टाइम लिनक्समध्ये तर कर्नलचेही बहुतेक स्पिनलॉक झोपणारे केलेले आहेत.

म्यूटेक्समध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स मागून घ्या. न मागता मिळत नाही. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून रिअल-टाइमची सोय मूळ लिनक्समध्येच आली आहे, पण तुमच्या प्रोग्राममधली कुलपं तुमचीच.

शक्य असेल तिथे कंट्रोलच्या वाटेत कुलूपच ठेवू नका. मी आता मधे एक गोल बफर ठेवलाय. कंट्रोल एका टोकाने लिहितो, नोंदवाला दुसऱ्या टोकाने उचलतो, आणि तो वेगळ्या कोअरवर बसतो.

आणि ट्रायल नगांवर नाही, फेऱ्यांवर मोजा. रात्रभर लोड देऊन सायक्लिकटेस्ट चालवा आणि सकाळी फक्त उशिराचा कमाल आकडा बघा. मग कर्नलचा लॉग वाचा, एकदाच आलेली ओळसुद्धा.

त्या मशीनचा अलार्म नंतर आला नाही. बदललेला ड्राइव्ह मी परत आणून बेंचवर आठवडाभर चालवला. ठणठणीत आहे. अजून कपाटात पडलाय.