घर पेटले तर काय उचलावे?

माउलींनो, घर पेटले तर काय घेऊन बाहेर पडावे? आधी माणसे, मग गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडावी, यात विचारायचे ते काय! प्रश्न त्यापुढचा. प्रियादासांनी १७१२ साली भक्तमाळेवर टीका केली, तीत नामदेवरायांची कथा आहे. झोपडी पेटली तेव्हा जे उरले होते तेही त्यांनी देवाचेच म्हणून आगीत टाकले. मग देवाने स्वतः छप्पर शाकारले. ती योग्यता नामदेवरायांची. आपण प्रापंचिक, आपल्याला निवड करावीच लागते.

सोने वितळेल, पण जळत नाही, राखेत सापडते. टाळ नवे मिळतील. तुळशीची माळ तर गळ्यातच आहे. तुकोबारायांची छापील गाथाही पुन्हा आणता येते. मुंबई सरकारने ती १८६९ व १८७३ साली दोन भागांत छापली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथल्या हस्तलिखित वह्या ताडून पाहिल्या. कोणीतरी त्या आगीपाण्यातून जपल्या होत्या, म्हणूनच ना?

मग आजोबांच्या हातचे अभंगांचे बाड? त्यातले पाठभेद, गावच्या भजनाचा क्रम दुसरीकडे कुठे मिळायचा? आम्ही म्हणतो, तेच उचलावे. मात्र ते माळ्यावर असेल तर नाद सोडावा. धूर आधी तिथेच कोंडतो, आणि बाहेर पडलेल्याने पुन्हा आत शिरू नये. यासाठी बाड आजच दाराजवळच्या कोनाड्यात आणावे, आणि दर एकादशीस चार पाने उतरून शेजारच्या घरी ठेवीत जावे.