नोकरी मिळेपर्यंत?

सांगली

चि. ऋता हिस,


परवा वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, दादाच्या साडूंकडच्या मुंजीत कुणीतरी तुला विचारलं, 'सध्या काय करतेस?' तर तू म्हणालीस, 'नोकरी मिळेपर्यंत जपानीचे क्लास घेते.' वहिनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र ते 'नोकरी मिळेपर्यंत' रात्रभर टोचत राहिलं. अगं, दिवसभर ऑफिसात राबून आलेली माणसं संध्याकाळी तुझ्यासमोर वह्या उघडून बसतात, ते काम नव्हे तर काय?

तू असं का म्हणतेस ते मला ठाऊक आहे, कारण तू मला आधीही सांगितलं होतंस. 'आत्या, माझं एन-टूच झालंय आणि जपान तर पाहिलेलंही नाही. मी कसली शिक्षिका?' एन-वन, म्हणजे जपानीच्या परीक्षेची त्यावरची पायरी, जरूर दे. पण त्या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणं नाही. शिकवणं तर नाहीच नाही. आणि जपानचंच म्हणशील, तर २०२४ पासून तिथे जपानी शिकवणाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा आणि सरकारी नोंदणी आली आहे. मायबोली असली तरी ती शिकवायला शिकावं लागतं, हे त्यांनीच मानलंय. मग तूच स्वतःला का कमी लेखतेस?

'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकातला चौदावा धडा आठव. क्रियापदाचं ते-रूप आलं की वर्गाचे चेहरे पडतात. 'किते कुदासाई' म्हणजे 'या', आणि 'कित्ते कुदासाई' म्हणजे 'कापा'. पाहुण्याला कापायला लावणारा एक तरी निघतोच! जपानात जन्मलेल्याला ही ठेच लागलेलीच नसते. तुला लागली होती, माझ्याच घरी, आणि तू वही भिरकावली होतीस. कुठे अडखळायला होतं हे तुला ठाऊक आहे, हीच तुझी पुंजी. आणि मराठी पोरांना इंग्रजीतून कशाला समजावतेस? 'मी बसने ऑफिसला जाते' हे वाक्य त्याच क्रमाने जपानीत जातं. इंग्रजीतून गेलीस की ते आधी उलटं करायचं, मग पुन्हा सुलटं.

फार बोलले का? पैशाचं मला कळत नाही असं समजू नकोस. तासावर पैसे, बॅच भरली नाही की हात रिकामे, आणि तुझ्याच वर्गातून शिकून गेलेला मुलगा कंपनीत तुझ्यापेक्षा जास्त कमावतो. हे सगळं मीही भोगलंय. तुला कंपनीत जायचं असेल तर खुशाल जा, दादाला मी समजावीन. फक्त शिकवते आहेस तोवर 'मिळेपर्यंत' म्हणू नकोस.

एवढी का मागे लागलेय? उरावाला जपान फाउंडेशनची संस्था आहे, परदेशातल्या जपानी शिक्षकांना तिथे प्रशिक्षण देतात. एके काळी मी त्याचा अर्ज आणला होता. 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन अडलं. घरात सगळे म्हणायचे, वेळ जावा म्हणून शिकवते. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. अर्ज कपाटातच राहिला. पुढे पुष्कळ शिकवलं, मुलं जपानला पोचली, तिकडून पत्रं आली, पण ती हळहळ काही गेली नाही. तुझ्या तोंडी तेच आलेलं ऐकलं आणि जीव कळवळला, दुसरं काही नाही.

रागावल्यासारखं वाटलं असेल तर मनावर घेऊ नकोस. वहिनी म्हणत होती, घसा बसलाय तरी एक वर्ग बुडवत नाहीस. ऐकून बरंही वाटलं आणि काळजीही. ज्येष्ठमध चघळ, रात्री गरम पाणी पी. डिसेंबरची परीक्षा मुलांनी एकदा दिली की चार दिवस इकडे ये. भडंग करून ठेवते. दुपारी हवं तेवढं झोप, कुणी उठवणार नाही. जपानीचा विषय मी काढणार नाही. तू काढलास तर मात्र अडवणारही नाही.

तुझी,
शुभाआत्या