श्रद्धेची गोष्ट सांगू या

वाचन : लूक १०:२५-३७



‘माझा शेजारी कोण?’ असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारला. प्रभूने शेजाऱ्याची व्याख्या दिली नाही. त्याने एक गोष्ट सांगितली आणि शेवटी शास्त्र्यालाच विचारले की, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? उत्तर शास्त्र्याच्या तोंडूनच आले. गोष्टीचे सामर्थ्य हेच आहे. ऐकणारा स्वतः सत्यापर्यंत चालत जातो, म्हणून ते सत्य त्याचे होते.

आपल्या मराठी भाषेत याचे मोठे उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. साष्टी भागात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. तेथील नवख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे शिकवली जात होती. परंतु त्यांची जुनी पुराणे वाचण्यास मात्र मनाई झाली होती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक भाविक फादरांना विनंती करतो की, शिकवण मिळते हे चांगलेच आहे, पण आमच्यासाठी आमच्या भाषेत एखादे पुराण का रचत नाही? त्या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. १६१६ साली तो राशोल येथे छापला गेला. पहिल्या भागात जुन्या करारातील कथा व दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र आले. प्रश्नोत्तरांनी बुद्धीला शिकवण मिळत होती. मनाला मात्र गोष्ट हवी होती.

आज आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्तरे पाठ करतात. ती आवश्यकच आहेत. पण संकटाच्या वेळी पाठ केलेली व्याख्या आठवेलच असे नाही. आजीने सांगितलेली गोष्ट आठवते. आजी-आजोबा आहेत तोवरच त्यांच्याकडून त्या ऐकता येतील. २०२० सालच्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशासाठी पोप फ्रान्सिस यांनी गोष्ट सांगणे हाच विषय घेतला होता. आपल्या मुला-नातवंडांना देवाची कृत्ये सांगावीत, हे निर्गम १०:२ मधील वचन त्याच्या मुळाशी होते.

गोष्ट कशी सांगावी?

१. प्रसंग आधी दोनदा वाचावा. यरुशलेमहून यरिहोला जाणारा रस्ता ओसाड डोंगरांतून सुमारे हजार मीटर खाली उतरतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात वैर होते. शोमरोन्याने दिलेले दोन दिनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई. असे तपशील कळले की गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते.

२. घरच्या बोलीत सांगावे. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलत असू, तर तिच्यातच सांगावे.

३. तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. प्रभूप्रमाणे एक प्रश्न विचारावा आणि थांबावे.

४. आपली गोष्टही सांगावी. गरसेकरांच्या प्रदेशात बरा झालेला मनुष्य येशूबरोबर जाऊ इच्छित होता. प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवले आणि देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्यास सांगितले (मार्क ५:१८-२०). त्याने शास्त्राचा अभ्यास केलेला नव्हता. त्याच्याजवळ फक्त त्याची गोष्ट होती. आजाऱ्याच्या उशाशी म्हटलेली रोझरी, भांडणानंतर मिळालेली क्षमा, अडचणीत धावून आलेला शेजारी, अशी एखादी गोष्ट आपल्या प्रत्येक घरात असते.

५. परधर्मीय शेजाऱ्याने आपल्या आशेविषयी विचारले तर सौम्यतेने आणि आदराने सांगावे, असे संत पेत्र शिकवतात (१ पेत्र ३:१५-१६). त्याच्या श्रद्धेला कमी लेखून आपली श्रद्धा मोठी होत नाही. त्याचीही गोष्ट ऐकावी. शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्याने तरी शेजाऱ्याशी शोमरोन्यासारखे वागायला हवे. नाहीतर गोष्ट कोण ऐकणार?

चिंतनासाठी : आपल्या कुटुंबाची श्रद्धा टिकवणारा कोणता प्रसंग आपल्या मुलांना अजून ठाऊक नाही?

या आठवड्याचा संकल्प : एका संध्याकाळी रोझरीनंतर टीव्ही दहा मिनिटे बंद ठेवू या. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला तो प्रसंग सांगायला विनवू या आणि मुलांना प्रश्न विचारू देऊ या.

प्रभू आपल्या मुखात गोड शब्द आणि हृदयात प्रीती देवो.