मिनिटाला सहाशे शब्द?

प्रश्न : मी राज्यसेवेची तयारी करतो. सीसॅटला उतारे वाचता वाचताच वेळ संपतो, शेवटचे दोन-तीन तसेच राहतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपने माझा वेग मिनिटाला 170 शब्द दाखवला. क्लासमध्ये सांगतात, मनातल्या मनात उच्चारणं बंद करा, वेग 600 वर जाईल. खरंच जातो का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : डोळे जातात, डोकं मागे राहतं.

मित्राला समोर पेपर वाचायला बसवा आणि त्याचे डोळे पाहा. ते ओळीवरून सरकत नाहीत. उडी, थांबा, पुन्हा उडी, मध्येच एखादी मागे. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा, आणि त्यात स्पष्ट दिसतात ती मोजकीच अक्षरं. म्हणजे एखादा शब्द. सेकंदाला चार थांबे धरले तर मिनिटाला 240. मार्क ब्रिसबर्ट या बेल्जियन संशोधकाने 2019 मध्ये जुने अभ्यास एकत्र करून इंग्रजीतल्या कथेतर मजकुराच्या मूक वाचनाची सरासरी काढली, ती 238 निघाली. संध्याकाळच्या गर्दीत केळीबाग रोडवर महागडी बाइक काय आणि सायकल काय, बडकस चौकात बरोबरच पोहोचतात; तसंच हे.

भरधाव वाचनाचे वर्ग काही नवे नाहीत. अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी ते 1959 मध्ये सुरू केले होते. संशोधक कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी या साऱ्या दाव्यांचा घेतलेला आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. वेग फार ताणला की आकलन घटतं, असाच त्याचा निष्कर्ष. मनातला आवाज तर बंद करूच नका. अवघड वाक्य त्याच्याच आधाराने कळतं.

आणि ते 170 मराठी उताऱ्यावरचे असतील तर मुळीच कमी नाहीत. ‘शहरातल्या शाळेत’ हे आपले दोन शब्द. इंग्रजीत त्यांचे सहा होतात. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीची फूटपट्टी इथे चालत नाही.

आता हिशोब करू. दहा उतारे, प्रत्येकी 250 शब्दांचे धरा. एकूण 2500. तुमच्या वेगाने पंधरा मिनिटं. पेपर 120 मिनिटांचा! मग वेळ जातो कुठे? पर्यायांत अडकून पुन्हा उताऱ्यात शिरण्यात. शिवाय उतारा दोन्ही भाषांत असतो; मराठी अनुवाद बोजड वाटला की नजर इंग्रजीकडे, तिथून परत मराठीकडे. भाषा एकच ठरवा. दुसरीकडे जायचं ते फक्त अडलेल्या संज्ञेपुरतं.

प्रश्न आधी वाचा. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?’ यातला ‘अयोग्य’ पेन्सिलीने गोल करा. घाईत नेमका तोच ‘योग्य’ वाचला जातो. पर्यायात ‘फक्त’, ‘सर्वच’, ‘कधीही नाही’ दिसलं, की उताऱ्यात तेवढं ठासून म्हटलंय का, ते तपासा.

घरी रोज एक अग्रलेख घ्या. परिच्छेद संपला की त्यावर हात ठेवा आणि लेखक काय म्हणाला ते एका वाक्यात, तुमच्या बोलीत, मोठ्याने सांगा. नाही सांगता आलं तर वाचलंच नाही असं समजा. विषयही मुद्दाम बदलते ठेवा. रेपो दर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो पतधोरणावरचा उतारा न अडखळता वाचतो. बाकीचे दर ओळीला ठेचकाळतात. खरा वेग वाढतो तो असा, आणि त्याला काही महिने लागतात. (क्लासच्या जाहिरातीत हे बसत नाही, त्याला इलाज नाही.)

शेवटचे उतारे राहिले म्हणून फार जीव टांगणीला लावू नका. सीसॅट केवळ पात्रतेपुरता आहे : 200 पैकी 33 टक्के, म्हणजे 66 गुण. प्रश्न 80, प्रत्येकी अडीच गुणांचा; चुकल्यास त्या गुणांचा पाव हिस्सा वजा. एकही न चुकवता 27 प्रश्न बरोबर आले की पुरे. पुढच्या सराव पेपरला प्रत्येक उताऱ्याच्या कडेला दोन आकडे टाका, वाचायला किती मिनिटं गेली आणि उत्तर शोधायला किती. ते आकडे मला जरूर कळवा.